फुटक्या काचेचा वाडा

व्याख्यानाचा विषय कळल्यावर आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "वसंतातल्या संध्याकाळी लोकांना भंगार कशाला दाखवता?" प्रश्न रास्त होता. परंतु ज्यांचे बालपण खानदेशातल्या धाब्याच्या घरात गेले, त्यांना हा विषय परका वाटू नये. त्यांच्या डोक्यावरच्या छपरात फुटकी काच होतीच. त्यांनी ती पाहिली नसेल एवढेच.

धाब्याचे घर कसे बांधतात हे तरुण मंडळींना आता सांगावे लागते. भिंती मातीच्या, वर लाकडी सरे, सऱ्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर चिखलाचा थर, आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड लेप. ही पांढरी माती पावसाचे पाणी आत मुरू देत नाही, म्हणून ती मोलाची. ती मिळे गावाबाहेरच्या उंचवट्यावरून. त्या उंचवट्याला पांढरी म्हणतात. आपल्या जुन्या दप्तरांत 'काळी' म्हणजे शेतजमीन आणि 'पांढरी' म्हणजे वस्तीची जमीन, ही जोडी जागोजाग भेटते. शेकडो वर्षे माणसे एका जागी राहिली, त्यांची घरे पडली, चुलीची राख साठली, शेण आणि मडकी कुजली-फुटली, की त्या सगळ्याची मिळून पांढरी होते. म्हणजे धाब्यावर घातली जाणारी माती ही पूर्वजांच्या घरांचीच माती, आणि तिच्यातून खापराचे तुकडे, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आणि काचेचे मणी बाहेर पडत. आमच्या घराचे धाबे दर उन्हाळ्यात नीट करीत, तेव्हा टोपलीतल्या मातीतले हिरवे-निळे काचेचे कण वेचण्याचा उद्योग आम्ही मुलांनी मनापासून केला. ते किती जुने असतील हा प्रश्न तेव्हा सुचला नाही. आई मात्र म्हणे, "कुणा बाईची वाढवलेली बांगडी असेल, जपून धर."

'वाढवलेली' हा शब्द लक्षात घ्यावा. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, ती वाढते, जसे कुंकू पुसत नाही, वाढवतात. अशुभ शब्द टाळण्याची ही रीत. परंतु एखाद्या वस्तूचे तुकडे झाले की ती संपली, असे म्हणायला जी भाषा कचरते, तिच्यात आमच्या आजच्या विषयाचे बीज आहे असे म्हटले तर फार ताणल्यासारखे होऊ नये.

पांढरींकडे विद्वानांचे लक्ष गेले ते स्वातंत्र्याच्या आगेमागे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी १९४५-४६ साली उत्खनन केले. नेवाशाचे उत्खनन १९५४ ते १९५६ या काळात झाले. आपल्या खानदेशात गिरणाकाठी बहाळला श्री. म. न. देशपांडे यांनी आणि तापीकाठी प्रकाश्याला श्री. बा. कृ. थापर यांनी त्याच दशकात कुदळ लावली. ब्रह्मपुरी आणि नेवासे येथे वरच्या थरांत काचेच्या बांगड्यांचे तुकडे भरपूर निघाले. दीक्षितांना तर काचेचा छंदच जडला, आणि १९६९ साली मुंबई विद्यापीठाने त्यांचा भारतीय काचेच्या इतिहासावरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. 'काच' हा शब्द शतपथ ब्राह्मणात येतो, कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही येतो. रोमचा प्लिनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहून गेला, की हिंदुस्थानातली काच फुटक्या स्फटिकापासून करतात आणि म्हणून तिची बरोबरी दुसरी काच करीत नाही. प्लिनीच्या सगळ्याच गोष्टी खऱ्या मानू नयेत. पण कौतुकाच्या त्या वाक्यातही 'फुटक्या' हा शब्द आलाच आहे, ही गंमत.

त्याच रोममध्ये दारोदार फिरणारा भंगारवाला होता. मार्शल नावाच्या कवीने त्याची टर उडवली आहे: टायबर नदीपलीकडचा हा फेरीवाला गंधकाच्या काड्या देई आणि बदल्यात फुटकी काच घेई. आपल्याकडे जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाया येतात, तसाच हा व्यवहार. ही काच पुन्हा भट्टीत जाई. तुर्कस्थानच्या किनाऱ्याजवळ सेर्चे लिमानी येथे अकराव्या शतकात एक गलबत बुडाले. ते वर काढले तेव्हा त्यात सुमारे तीन टन काच मिळाली. तिचा मोठा भाग कच्च्या काचेच्या ढेकळांचा होता, आणि उरलेली होती फुटकी भांडी व कारखान्यातले टाकाऊ तुकडे. फुटक्या काचेचा व्यापार समुद्रावरून गलबते भरून होत असे. त्याचे कारण साधे आहे. वाळू, सोडा आणि चुनखडी यांचे मिश्रण वितळायला जेवढी उष्णता लागते, त्यापेक्षा तयार काच कमी उष्णतेवर वितळते. आजचेही गणित असे, की भट्टीत दर शंभर भागांत दहा भाग फुटकी काच घातली तर इंधनात अडीच-तीन टक्के बचत होते.

महाराष्ट्रात नव्या पद्धतीची काच आली ती स्वदेशीच्या चळवळीबरोबर. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या कासाराच्या पेटीतल्या बऱ्याचशा बांगड्या ऑस्ट्रियाच्या असत. कंदिलाची चिमणी परदेशी, औषधाची बाटली परदेशी. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभा केला, लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिले, आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे त्या पैशांतून काचेचा कारखाना निघाला. ईश्वरदास वार्ष्णेय हे परदेशात काचविद्या शिकून आलेले गृहस्थ तिथले पहिले तज्ज्ञ. तळेगाव हा कारखाना होता तशी ती शाळाही होती, आणि तिथून शिकून गेलेल्यांनी ठिकठिकाणी भट्ट्या पेटवल्या. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ कारखाना काढला. त्या जागेचे नावच ओगलेवाडी झाले. पहिल्या महायुद्धाने ऑस्ट्रियाचा माल थांबवला होता, त्यामुळे देशी काचेला बाजार मिळाला. ओगल्यांचा प्रभाकर कंदील आमच्या आजोबांच्या पडवीत होता. त्याची चिमणी तडकली की आजोबा दिवसभर कुणाशी बोलत नसत. काचेला तेव्हा एवढी किंमत होती.

ती किंमत पुढे उतरली. काच स्वस्त झाली, बाटल्या घरोघर आल्या आणि फुटू लागल्या. तेव्हा आपल्या गावाने फुटक्या काचेचा बांधकामात एक उपयोग शोधून काढला. कुंपणाच्या भिंतीच्या माथ्यावर ओल्या चुन्यात किंवा सिमेंटात बाटल्यांचे तुकडे उभे रोवायचे, म्हणजे चोर आणि पोरे आत उतरत नाहीत. आमच्या उजव्या तळव्यावर अशा एका भिंतीची खूण अजून आहे. पलीकडे कैऱ्या होत्या. ही विद्या कोणत्या ग्रंथातून आली हे सांगता येत नाही. पण महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी ती भिंतीवर वाचायला मिळते.

आता आम्ही चुन्याच्या घाणीकडे वळतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे. वयस्क श्रोत्यांनी ही घाणी पाहिली असेल. जमिनीत दगडाचा गोल चर, त्यात फिरणारे जड दगडी चाक, आणि ते ओढणारे बैल. चरात भिजवलेला चुना, वाळू आणि सुरखी घालून तासन्‌तास मळत. कुणी गुळाचे पाणी घालीत, कुणी बेलफळाचे. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. फुटक्या विटा, पडक्या भिंतींच्या विटा, कुंभाराच्या भट्टीतला टाकाऊ माल यांचीही सुरखी होई. नुसता चुना हवेतला वायू शोषून सावकाश कठीण होतो, आणि पाण्यात त्याचा टिकाव लागत नाही. चुन्यात सुरखी मिसळली की पाण्यातसुद्धा तो धरतो. रोमन लोक ह्याच कामासाठी पोत्सुओली गावची ज्वालामुखीची राख वापरीत, आणि ती नसेल तिथे विटांची पूड.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे नाव आपल्याला म्हैसूरचे वाटते. परंतु १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात ते दाखल झाले, आणि उमेदवारीच्या त्या दिवसांत त्यांनी आपल्या धुळ्याकडे पांझरा नदीवर नळाचा सायफन बांधला. हेच विश्वेश्वरय्या पुढे म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता असताना, १९११ साली, कावेरीवरच्या कृष्णराजसागर धरणाचे काम सुरू झाले. त्या धरणाच्या दगडांना सांधणारा मसाला सुरखी-चुन्याचा आहे. भाजलेल्या विटेच्या भुकटीने सांधलेली ती भिंत आजही पाणी अडवून उभी आहे.

असे का व्हावे? मातीत सिलिका असते, म्हणजे वाळूचेच द्रव्य. नदीच्या वाळूत ह्या सिलिकेचे कण शिस्तीत, घट्ट रचलेले असतात. चुना त्यांना काही करू शकत नाही. माती भाजली की ही शिस्त मोडते. मोडलेली सिलिका बारीक दळून ओल्या चुन्याला भेटवली, की दोघांचा संयोग होऊन दगडासारखे नवे द्रव्य तयार होते. आता काच पाहा. बाटलीच्या काचेत शंभरात सुमारे सत्तर-बहात्तर भाग सिलिका असते, बाकी मुख्यतः सोडा आणि चुना. आणि वितळवून भराभर थंड केल्यामुळे तिच्यातली शिस्त पुरती मोडलेली असते. म्हणजे बारीक दळलेली काच ही सुरखीची सख्खी बहीण ठरते. सिमेंट पाण्यात धरू लागते तेव्हा त्यातूनही चुना मोकळा होतो. त्या चुन्याला ही पूड भेटते.

इतके सोपे असते तर आमचे व्याख्यान इथेच संपते. १९४० साली कॅलिफोर्नियातल्या थॉमस स्टँटन नावाच्या अभियंत्याने एक कोडे उलगडले. तिकडचे काँक्रीटचे रस्ते आणि बांधकामे काही वर्षांनी आपोआप तडकत होती. स्टँटनने दाखवले, की सिमेंटातले क्षार आणि खडीतली विशिष्ट प्रकारची सिलिका यांच्या संयोगातून फुगणारा पदार्थ बनतो. तो पाणी पितो, फुगतो आणि काँक्रीट आतून फोडतो. काचेत अशी सिलिका ठासून भरलेली. त्यामुळे १९६० च्या सुमारास अमेरिकेत शोभेसाठी भिंतींच्या फरश्यांत काचेची खडी घालू लागले, तेव्हा हीच अडचण समोर उभी राहिली; १९६३ साली त्यावरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. काच काँक्रीटची वैरीण, असा समज पुढची तीस वर्षे राहिला.

तो समज सैल झाला तो कणांच्या आकारामुळे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ख्रिश्चन मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतर त्या शहरातल्या टाकाऊ काचेवर काम केले. निष्कर्ष असा, की जो काचेचा तुकडा खडीएवढा असताना काँक्रीट फोडतो, तोच पिठासारखा दळला की काँक्रीटला बळ देतो. संयोग दोन्हीकडे तोच. मोठ्या तुकड्याभोवती तो उशिरा, एका जागी साठून होतो, तर पिठात तो लवकर आणि सगळीकडे विखरून होतो, म्हणून फुगायला जागाच उरत नाही. संक्रांतीला मांजासाठी काच कुटून आम्ही ती फडक्यातून गाळीत असू. वैद्य तिला वस्त्रगाळ पूड म्हणतील. जाडीभरडी पूड राहिली तर मांजा धरणाराचेच बोट कापले जाई. सिमेंटचेही तसेच आहे. सिमेंटाइतकी, किंबहुना त्याहून बारीक पूड हवी. (मुलांनी ट्यूबलाइटच्या काचेची पूड करू नये. तिच्यात पारा असतो. आम्हाला हे कुणी सांगितले नव्हते.)

२०२० साली अमेरिकेत अशा काचपुडीसाठी प्रमाणित मानक ठरले. कॅनडात मॉन्ट्रियल शहरी नन्स आयलंडवरचे दोन पूल २०२१ च्या सुमारास पुरे झाले. शेरब्रुक विद्यापीठातल्या संशोधनाच्या आधारावर त्यांच्या काँक्रीटमध्ये सिमेंटचा दहावा हिस्सा काढून तिथे काचपूड घातली आहे. सुमारे सत्तर हजार मद्याच्या बाटल्या त्या दोन पुलांत जिरल्या, असे तिकडचे लोक सांगतात. सुरुवातीला असे काँक्रीट थोडे सावकाश धरते, नंतर भरून काढते. ह्यात लाभ कोणता? एक टन सिमेंटचा भाजीव माल करताना चौदाशे-साडेचौदाशे अंशांपर्यंत तापवावे लागते आणि आठ-नऊशे किलो कर्बवायू हवेत जातो. जगातल्या अशा वायूचा सात-आठ टक्के भाग एकट्या सिमेंटच्या भट्ट्यांतून येतो. त्यातला दहावा हिस्सा बाटल्यांनी वाचवला, तर ती लहान गोष्ट नव्हे.

बाटल्या न दळता, अख्ख्याच विटांसारख्या वापराव्या, हाही विचार अनेकांनी केला. नेवाडाच्या वाळवंटात ऱ्हायोलाइट नावाच्या खाणगावी १९०६ साली एका माणसाने हजारो बाटल्यांचे घर बांधले. लाकूड मिळत नव्हते आणि गुत्ते भरपूर होते. हॉलंडच्या हायनेकेन मद्य कारखान्याने १९६३ साली चौकोनी, एकमेकींत अडकणारी बाटली काढली, पिऊन झाल्यावर वीट म्हणून वापरायची. ती बाजारात चालली नाही. मद्यपान आणि गवंडीकाम ही एका हाताने करायची कामे नव्हेत, असे आमचे मत. थायलंडमध्ये सिसाकेत प्रांतात बौद्ध भिक्षूंनी १९८४ पासून लाखो बाटल्यांचे मंदिर बांधले आहे, आणि ते मात्र सुंदर आहे. आपल्या देशातले उदाहरण चंडीगढचे. नेकचंद हे बांधकाम खात्यातले रस्त्यांचे निरीक्षक. नव्या शहरासाठी पाडलेल्या गावांचा राडारोडा, फुटकी कपबशी, फुटक्या बांगड्या हे सगळे गोळा करून त्यांनी सरकारी जंगलात चोरून वर्षानुवर्षे मूर्ती उभ्या केल्या. १९७६ साली तो बाग लोकांसाठी उघडला. त्यातल्या कित्येक बायांच्या अंगावरची वस्त्रे बांगड्यांच्या तुकड्यांची आहेत.

अमळनेरात काय होते? इथे १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचा पुढे विप्रो झाला हे सर्वांना ठाऊक आहे. तुपाचा रिकामा डबा त्या काळी कुणी टाकत नसे. त्यात पाणी भरत, धान्य भरत, गंजला की पत्रा कापून गोठ्याला ठोकत. काचेच्या अखंड बाटलीलाही तसा मान आहे. भंगारवाला ती घेतो. तुकडे मात्र तो घेत नाही, असाच आमचा अनुभव. काच जड, भाव हलका, आणि बांगड्यांची फिरोजाबादची भट्टी कोसो दूर. वाहतुकीतच नफा संपतो. मग हे तुकडे ओल्या कचऱ्याबरोबर घंटागाडीत जातात, आणि तो कचरा हाताने निवडणारी बाई आपल्याच गावची असते. तळव्यावरची आमची खूण कैरीच्या लोभाची होती. तिच्या हातावरच्या खुणा आपल्या आळसाच्या आहेत.

दुसरे दुखणे वाळूचे. बोरीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची समाधी आहे आणि वैशाखातली यात्रा त्या वाळवंटात भरते. आपल्या लहानपणी त्या वाळूत पाय रुतत. गिरणा, तापी, पांझरा, बोरी, सगळीकडे वाळू रात्रीच्या ट्रॅक्टरांतून कुठे गेली हे इथे सांगण्याची गरज नाही. बसल्या जागेच्या भिंतीकडे पाहावे. फुटकी काच वाळूएवढी बारीक करून तिचा काही भाग वाळूच्या जागी फरसबंदीच्या ठोकळ्यांत घालता येतो, त्यात थोडी काचपूड किंवा औष्णिक केंद्राची राख असली म्हणजे फुगण्याची भीती राहात नाही. भुसावळजवळ दीपनगरला अशी राख पडलेली आहे. सगळ्या अमळनेरच्या काचेने बोरीची वाळू वाचेल असा हिशेब आम्ही मांडत नाही. तेवढी काच गावात नाही. खडीक्रशरवर काचेची वाळू होईल, पण पीठ करायला लोखंडी गोळ्यांची चक्की लागते, तिला वीज लागते, आणि कामगाराच्या तोंडावर फडके नव्हे, चांगला मुखपट्टा लागतो. पहिले वर्ष तोट्याचे जाईल असे समजूनच नगरपालिकेने किंवा एखाद्या ठोकळे करणाराने हात घालावा.

एक सूचना आम्ही एका ठेकेदाराच्या अंगणात शिकलो. त्याने आमच्या सांगण्यावरून सरबताच्या बाटल्या फोडून, न धुता, चुरा करून ठोकळे पाडले. दुसऱ्या दिवशी ते साच्यातून काढताना हातात चिखल आला. साखरेमुळे सिमेंट धरत नाही. चुन्याच्या घाणीत जो गूळ चाले, तो सिमेंटला चालत नाही. दोष त्याचा नव्हता, आमचा होता. आम्ही जुन्या गवंड्याच्या भरवशावर बोललो होतो. पुढच्या वेळी बाटल्या धुऊन घेतल्या, आणि ठोकळे धरले.

ज्यांना एवढाही खटाटोप नको, त्यांच्यासाठी गच्ची आहे. आपल्याकडे स्लॅबवर फुटक्या पांढऱ्या फरशीचे आणि कपबशांचे तुकडे सिमेंटात बसवतात, त्याला गवंडी चायना मोझाइक म्हणतात. त्याने पाणी गळत नाही आणि ऊन परततं. वैशाखात पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा खालच्या खोलीत फरक कळतो. तुकडे वरवर आणि पातळ बसत असल्याने थोडी काच त्यात बसवली तरी फुगण्याचे भय मोठे नाही. कडा मात्र घासून घ्याव्या लागतात, नाहीतर पापड वाळत घालणाऱ्यांचे पाय कापतील. गेल्या वर्षी आमच्या गच्चीचे असे काम झाले, तेव्हा घरातल्या बायकांनी वाढवलेल्या बांगड्यांचा डबा गवंड्यापुढे आणून ठेवला. किती वर्षांचा साठा होता कोण जाणे. त्याने तो पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यात बसवला. हिरव्या जास्त आहेत.